अडीच बाय पाच

ट्रेसिंग कागदावर ही खानी मीच आखली होती,
अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब,
बारीक निबेच्या पेनाने, श्वास रोखून,
कारण रेघ फिसकटली तर ब्लेडने खरवडावी लागे.
प्रत्येक खान्यात एक गाडी काढायची, वरून दिसते तशी,
बिनचाकांची, झुरळासारखी.
म्हापशात तेव्हा इतक्या गाड्या नव्हत्या.
माझ्या कागदावर होत्या.

आता निवृत्तीला सात महिने उरलेत
आणि नार्वेकर साहेबांनी टेप दिली, फॉर्मांचा गठ्ठा दिला.
"रस्त्यावरच्या जागा सोडा. आतल्या मोजा,
इमारतींच्या पोटातल्या. मंजूर किती, हयात किती."
हयात हा शब्द त्यांनी
माझ्याच पेन्शनच्या कागदांवरून उचलला असणार.

शुक्रवार टाळायला हवा होता. मी शुक्रवारीच गेलो.
मयड्याची केळी, चोरिसांच्या माळा, उन्हात मांडलेली मडकी,
आणि बाजाराभोवती गाड्यांचा आंधळा फेरा.
गिरीहून आलेला एकजण तीनदा तोच वळसा घालतो,
चौथ्यांदा दुसऱ्याच्या गाडीमागे लावून
हँडब्रेक न ओढताच निघून जातो:
ज्याला अडेल त्याने ढकलावी.

पहिली इमारत. मंजूर अठरा.
पाच ते नऊ टाइल्सचं गोदाम.
दहाला पडदा, पडद्यामागे ड्रायरची घरघर,
अकरा-बारात सोसायटीच्या गणपतीचा मखर, गेल्या वर्षीचा,
थर्माकोलचा मोर एका पायावर.
चौदात शाबलो शिंपी.
माझी ही पँट त्यानेच सैल करून दिलेली.
मी टेप ओढली तर त्याने सवयीने दुसरं टोक धरलं,
विचारलं, "कंबर किती आली?"
अडीच, म्हटलं.
तो हसला. मग फॉर्म बघून हसायचा थांबला.

हयात: चार.

अशा एकतीस इमारती. दुपारपर्यंत मला कळत गेलं
की गावाला जागा कमी नाही,
जागा दुसऱ्याच कामाला लागली आहे,
माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांसारखी.

संध्याकाळी बँकेच्या मागचं आवार.
मंजूर बावीस, हयात बावीस. मला भरून आलं.
साडेपाचला साखळी, पाटी: फक्त ग्राहकांसाठी.
त्यानंतर रात्रभर बावीस खानी
बदामाची पानं गोळा करतात,
आणि भिंतीपलीकडे हॉर्न.

असं मी लिहीत होतो, इतक्यात इनास वॉचमनने साखळी काढली.
कुलूप नव्हतंच, नुसती अडकवलेली.
हरमलहून मिरच्यांचा टेंपो आला, रात्रपाळीच्या नर्सची स्कूटर,
पोदेराची व्हॅन,
ज्याची त्याची जागा ठरलेली, कोणी विचारत नाही.
"सकाळीं साडेआठांच्या आदीं सगळे भायर," इनास म्हणाला.
आणि पैसे?
"कोण मिरसांग दिता. कोण कांयच ना."

फॉर्मात शेवटचा रकाना आहे: सायंकाळी सहानंतरचा वापर.
लिहिलं तर निविदा निघेल, पावतीपुस्तक येईल,
कुठला तरी ठेकेदार, आणि इनासच्या खुर्चीवर
शिट्टी वाजवणारा कोणी नवा पोर.
नाही लिहिलं तर साहेब म्हणतील, बघा, जागाच नाही,
आणि गावाबाहेरच्या शेतात चार मजली पार्किंग उभं राहील.
त्याचीही खानी कोणीतरी आखेल,
संगणकावर, श्वास न रोखता.

मी पेन्सिलीने लिहिलं. खोडलं. पुन्हा पेन्सिलीनेच.

"तुमची गाडी खंय?"
रस्त्यावर, म्हटलं, कोणाच्या तरी मागे.
गेलो तर स्कूटर हातभर सरकवलेली, आरसा वाकडा.
इनासने बदामाखालचा तिरपा तुकडा दाखवला,
जिथे एकही रेघ नाही.
"हांगा लायात."

लावली. मापाला टेप काढली, तशीच परत खिशात घातली.
सीटवर बसून रकाना बघत राहिलो
उजेड होता तोवर.