झाकण

नोटीस लिहायचं काम माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर चांगलं
आणि चौतीस वर्षं मी कारखान्यात टाइमकीपर होतो.
जुळे सोलापूर, रेणुका विहार, बी विंग.
एकतीस तारखेला मुलांना भुतं व्हायचंय.
आमच्या लहानपणी भूत आपणहून यायचं,
आता त्याला सात ते साडेनऊ वेळ दिलीय.

मी लिहिलं:
जिन्यात पळू नये.
मुखवट्याला डोळ्यांची भोकं मोठी कापावीत.
भोपळ्यात पणती नको, सेलचा दिवा ठेवावा.
चिक्की देण्याआधी विचारावं, शेंगदाणा चालतो का.
(यावर सगळी विंग हसली. सोलापुरात शेंगदाणा
चालत नाही असं कोण असतं?
असते. दोनशे चारमध्ये पुण्याहून आलेली भाची.)

हलकुडे वकील चष्मा वर सरकवत म्हणाले,
"शेवटी एक ओळ टाका, येमूल.
इजा झाल्यास सोसायटी जबाबदार राहणार नाही."
मी विचारलं, "टिकते का ही कोर्टात?"
"फारशी नाही. टाकीचं झाकण फुटलंय
हे आपल्याला दिवाळीच्या आधीपासून माहीत आहे ना?
मग संपलंच की.
पण असू द्या. बरी दिसते."

बरी दिसते.
माझ्या हाताला ती ओळ पाठ आहे.

एक्क्याण्णव साल, रात्रपाळी,
सात नंबरच्या मागावर नरसय्या गाजूल.
चक्रावरची जाळी आठ दिवसांपासून काढलेली,
दुरुस्तीला गेली, दुरुस्तीला गेली, असं चाललेलं.
बाहीचं टोक आधी गेलं, मग दोन बोटं.
अपघात वहीत मी लिहिलं,
'कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.'
मालक म्हणाले, अक्षर काय सुंदर आहे बे तुझं.
नरसय्यानं खाली डाव्या हातानं सही केली,
पहिलीतल्या पोरासारखी,
आणि जाताना मला विचारलं,
"अण्णा, हाजिरी लावली ना आजची?"

पेन तिथंच थांबलं.
वकिलांची ओळ मी लिहिली नाही. त्या जागी लिहिलं:
टाकीचं झाकण फुटलं आहे. प्लंबर सोमवारी येणार आहे.
तोपर्यंत तिथे मी आहे.

संध्याकाळी भुतं उतरली.
पांढऱ्या कापडाला घरोघरी नको म्हटलेलं,
म्हणून सगळी भुतं चादरीतली,
लाल मोराचं भूत, हिरव्या चौकटीचं भूत,
एकाच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का तसाच.
दोन-दोन किलोची भुतं,
काठ पायात येऊन धडपडणारी.
मी सेफ्टी पिनांचा डबा घेऊन बसलो,
एकेकाला उभं करून काठ वर घेतला.
घोट्याच्या वर चार बोटं.
बोटं मोजताना प्रत्येक वेळी
माझा हात जरासा थांबायचा.

मग टाकीवर जाड फळ्या टाकल्या,
त्यांना दोरी बांधली, बाजूला बॅटरी ठेवली,
आणि अलीकडे खुर्ची मांडून वाट अडवली.
थंडी नव्हती, डास होते.
वरच्या मजल्यांवरून बेलचे आवाज, खोट्या किंकाळ्या,
कुणाच्या तरी कुकरची खरी शिट्टी.

बिराजदारांची धाकटी श्रेष्ठा आली,
भोकातून एकच डोळा दिसत होता.
"येमूल आजोबा, तुम्ही कुठलं भूत?"
"मी झाकण."
"झाकणाचं कुठं भूत असतं?"
"असतं की. वेळेवर लागलं नाही की होतं."
तिला काही पटलं नाही.
चादरीतून हात काढून तिनं एक लिमलेटची गोळी दिली,
तिच्या मुठीत वितळून कागदाला चिकटलेली.
"झाकणांना गोड चालतं का?"
नियमाप्रमाणे आधी विचारलं तिनं.

साडेनऊला दिवे लागले.
मी गेटपाशी उभा राहून मोजले,
जुनी सवय.
तेवीस बाहेर पडले होते,
तेवीस आत आले.
एकाचा गुडघा खरचटलेला, त्यावर हळद.
वहीत तेवढंच लिहिलं.