चौथी वही

इतिवृत्त लिहिणं हे माझं काम.
तारीख, उपस्थिती, चहा किती जणांना,
आणि ठराव, झालाच तर.

तिसरी बैठक. कोहत्ला-यार्वे, नोव्हेंबर.
साडेतीनलाच खिडकीत अंधार,
त्यामागे राखेचा डोंगर,
माझे वडील शाळेत जायचे तेव्हा
नकाशात नसलेला.
जळणारा दगड काढला, जाळला,
उरलं ते तिथे रचलं.

विषय: नव्या पदवीची शास्त्रीय चौकट.
पहिला तास नुसत्या शब्दावर गेला.
शाश्वत म्हणावं, तर ते देवाला शोभतं.
टिकाऊ म्हणावं, तर बुटांना.
वाइनो म्हणाले, शब्द राहू द्या, एकक ठरवा:
काय टिकायचं, किती वर्षं, कोणाच्या खर्चानं.
लाग्लेनं फळ्यावर मोठा चौकोन काढला,
त्यात पाणी, पैसा, माणसं, कायदा,
आणि बाण.
बाण सगळे एकमेकांकडे जात होते,
जमिनीत एकही जात नव्हता.
हे मी लिहिलं नाही.
इतिवृत्तात स्वतःची निरीक्षणं घालत नाहीत.

मग झिनाइदा अर्काद्येव्ना आली,
खाणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त,
बोटं गारठलेली,
दुकानाच्या पिशवीत सात वह्या, चौकटीच्या कागदाच्या.

खाणीतलं पाणी उपसलं की
गावातल्या विहिरी खाली जातात,
हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.
बादली पाण्यावर आपटल्याचा आवाज
उशिरा येतो आहे, एवढंच कळलं होतं.
म्हणून तिनं दोरीला गाठी मारल्या, हाताहातावर,
टोकाला लोखंडी नट बांधला,
आणि दर शनिवारी पाच विहिरी.
सव्वीस वर्षं.

वाइनोंनी चष्मा पुसला. एक हात म्हणजे किती?
तिनं कोपर टेबलावर टेकवलं.
लाग्लेनं शेजारी पट्टी धरली. त्रेचाळीस सेंटिमीटर.
आणि त्रुटी?
"तेव्हा बोटं सरळ होती," ती म्हणाली.

चौथ्या वहीत दोन वर्षं कोरी.
शनिवारांच्या तारखा ओळीनं,
पुढे काही नाही.
वाइनो म्हणाले, दोन्ही टोकं माहीत आहेत,
मधून सरळ रेघ ओढता येईल,
सगळेच ओढतात.
"विहिरी कोरड्या पडल्या होत्या का?"
राइव्होनं विचारलं, तो विभागप्रमुख आहे.
"नाही. पाणी होतं. मोजणारी नव्हती.
पगार थांबला, तेव्हा मी रीगाला गेले,
मासे साफ करायला.
परत आल्यावर तारखा घातल्या.
जागा सोडली."

हीटर टकटकत होता.
लाग्ले उठली, चौकोनाच्या बाहेर, कोपऱ्यात,
लहान अक्षरात लिहिलं: मोजणारे.
वाइनो म्हणाले, हा चल होऊ शकत नाही.
ती म्हणाली, मग बाकीचे कसे झाले?
शेवटच्या बसपर्यंत हेच चाललं.
मी अर्धंच उतरवू शकलो,
दोघंही एकाच वेळी बोलत होते
आणि दोघंही बरोबर वाटत होते.

ठराव: चौथी वही आहे तशीच वापरावी.
कोऱ्या जागेत रेघ ओढू नये.
पहिल्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्यानं
ती दोन वर्षं वाचावीत.
वाइनोंचा विरोध नोंदवला,
त्यांच्याच शब्दांत, दीड पान.
नवी दोरी आणावी, गाठींची की सेंटिमीटरची,
पुढे ठरेल.

निघताना तिनं कोट चढवला,
बाही फळ्याला लागली,
आणि चौकटीचा उंबरठा पुसला गेला.
कोणी पुन्हा काढला नाही.
विसरले, की राहू दिला, ते मला सांगता येणार नाही.

उपस्थिती: चार.
चहा: पाच.
पुढची बैठक शनिवारी घ्यावी का,
यावर एकमत झालं नाही.