ढालीची पाठ

खाली उतरवायला चौघे लागले.
दोनशे सत्तर वर्षं चर्चच्या भिंतीला पाठ लावून बसलेली ही ढाल,
लिंडनच्या लाकडाची, पुरुषभर उंच,
दोरावरून येताना कुरकुरली
उन्हात आणून बसवलेल्या म्हाताऱ्यासारखी.
पाद्री कालेव म्हणाले, "जपून गं, लीवी,
बॅरनसाहेबांना चक्कर येईल."

निळ्या जमिनीवर रुपेरी बगळा,
चोचीत वाम.
वर शिरस्त्राण, त्याच्यावर पुन्हा तोच बगळा, लहान,
खालच्यानं गिळलेलं पोर डोक्यातून बाहेर आल्यागत.
फॉन आयखेनहोर्स्ट.
आणि भोवती सोळा ढाली, तळहाताएवढ्या:
आठ बापाकडच्या, आठ आईकडच्या.
रक्तात कुठं पाणी पडलेलं नाही
याचा लाकडी पुरावा.

मऊ ब्रशनं धूळ काढत मी मोजत जाते.
सिंह तीन. किल्ल्या दोन. अर्धं चाक.
एक रानडुक्कर, किड्यांनी इतकं पोखरलेलं
की आता कुणाच्याही कुळात खपेल.

आमच्याकडे तेव्हा आडनावंच नव्हती.
जमीनदाराच्या वहीत, गुरांच्या पुढच्या पानावर,
पाणथळीकडचा टोनिस,
टोनिसचा हिंद्रेक,
हिंद्रेकची मादली, एक डोळा अधू.
मग वेठ उठली, आणि कारकुनानं एका दुपारी
सगळ्या गावाला नावं वाटली, बियाणं वाटावं तशी.
खिडकीतून दिसेल ते: झाड, दगड, लांडगा, दलदल.
खिडकी संपल्यावर त्यानं ताटाकडे पाहिलं.
म्हणून आम्ही राइम.
राइम म्हणजे बोटभर खारा मासा,
बाल्टिकच्या काठी बटाट्यासोबत खातात.
बगळ्याच्या चोचीत तो नाही, मी नीट पाहिलं.
एवढासा मासा कोण कोरणार मानचिन्हात?

शेवटचे आयखेनहोर्स्ट एकोणचाळीस साली बोटीनं गेले,
चांदी, पियानो, कुत्री घेऊन.
ढाल राहिली.
वंशालाही जड झाली असेल.

चौथ्या दिवशी आम्ही ती पालथी केली.
पाठीवर ना निळा ना सोनं,
रंधासुद्धा न फिरवलेलं लाकूड,
कुऱ्हाडीचे घाव तसेच.
आणि खाली डाव्या कोपऱ्यात, चाकूनं:
दोन उभ्या रेघा, एक तिरकी,
तिच्या टोकाला आखूड आडवी.

आजोबा आडू जाळ्याच्या प्रत्येक बुचावर हीच कोरायचे.
वल्ह्यावर, न्हाणीघरातल्या डावावर,
मेंढीच्या कानात जमेल तशी.
आमची घरखूण.
बापाची थोरल्याला जशीच्या तशी मिळते,
धाकटा आपली एक रेघ वाढवतो.
मुलींना रेघ नसते.
त्या लग्न करून दुसऱ्या खुणेत जातात.
मी कुठंच गेले नाही.
आजोबांना मुलगा नव्हता,
बुचं अजून माझ्या माळ्यावर, गोणीत.

पण घाई नको.
या किनाऱ्यावर सात घरांची खूण जवळपास अशीच,
एका रेघेचा फरक,
आणि किडाही रेघ ओढतो, सरळसुद्धा.
बॅरनच्या वंशाला सोळा साक्षीदार,
हिला एक मी, आणि तीही चष्म्याची.

"काही सापडलं का मागे?" कालेवनी चहा ओतत विचारलं.
"किडे," मी म्हटलं.
कपात साखर नको होती, तरी घातली.

नोंदपत्रकात रकाना आहे: मागील बाजू.
लिहिलं, "कारागिराची खूण. कारागीर अज्ञात."
उद्या चौघे परत येतील,
बगळा पुन्हा वर जाईल, सोळा जणांना घेऊन,
कोपरा पुन्हा भिंतीकडे.

शेजारी खुणेचं चित्र काढायचं असतं, मापासकट.
काढलं.
एक रेघ जास्त पडली.
खोडरबर तिथंच होता.