समासातली राळ

उद्या आठला कॉलेजची माणसं येतील.
आज रात्री बाईंचं दफ्तर माझ्या स्वयंपाकघरात आहे.
तीन खोकी. खतकंपनीच्या कॅलेंडरांच्या पाठी,
त्यांवर बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर.
मिस ऑर्डेलिया क्विंबी. सँडी बॉटम, जॉर्जिया.
एक खोली, एक शेगडी, त्रेसष्ट मुलं.

शेगडी नंतर आली.
आधी सतरा पत्रं गेली काउंटीच्या शिक्षण मंडळाकडे.
नकला सगळ्या जपून ठेवल्यात.
पहिल्या पत्रात 'नम्र विनंती' तीनदा,
नवव्यात एकदा.
सतराव्यात फक्त वर्गातलं तापमान,
जानेवारीची एक ते एकतीस,
आणि खाली सही.

पुस्तकं गोऱ्यांच्या शाळेने टाकून दिलेली.
आतल्या पानावर आधीच्या मुलांची नावं असायची.
त्यांच्याखाली बाई आमची लिहायला लावत.
"ठसठशीत लिही, डोझियर.
शेवटी कुणी वाचलं, ते दिसू दे."

रात्री त्याच बाकांवर आमचे बाप बसत,
गुडघे मावत नसताना,
मुकादमाच्या दुकानातली उधारीची वही
कशी वाचायची ते शिकत.
त्या वर्षी तिघांनी शिल्लक मागितली.
एकाचं घर जळलं.
बाईंनी वर्ग बंद केला नाही,
खिडकीला घोंगडी लावली.

हजेरीपटाची पानं अजून चिकटतात.
आमचे हात राळेचे असायचे ना.
पाइनला चीर द्यायची, खाली मडकं अडकवायचं,
आणि टर्पेंटाइनच्या भट्टीची घंटा
शाळेच्या घंटेआधी व्हायची.
सुरीने एकेक पान सोडवतोय.
समासात गैरहजेरीची कारणं:
राळ. राळ. बूट नाहीत.
बूट आहेत, भावाने नेले.
आई बाळंत. राळ.
पूल वाहून गेला, झेरलीन पोहून आली,
तिच्या नावापुढे दोनदा हजर.

मग अकरा ऑक्टोबर, एकोणीसशे अडतीस.
लेम्युएल गॅस्किन: हजर.

मी त्याच्या शेजारी बसायचो.
त्या दिवशी माझ्या डाव्या कोपराला जागाच जागा होती.
सकाळी मुकादमाची कोठी पेटली,
दुपारी शेरीफ दारात.
बाईंनी हजेरीपट त्याच्याकडे फिरवला,
नावाखाली बोट ठेवलं.
तो ओठ हलवत वाचत राहिला.
आम्ही बासष्ट जण फळ्याकडे बघत
तेराचा पाढा म्हणत होतो.
कुणी चुकलं नाही.

त्याच आठवड्यात, खोटं बोललो म्हणून,
याच बाईंनी मला सहा छड्या दिल्या होत्या.
पुढे त्यांच्या घराची पायरी मी तीनदा बसवून दिली,
हे विचारलं एकदाही नाही.
कोठी लेम्युएलने पेटवली का, मला ठाऊक नाही.
बाईंना ठाऊक होतं का, तेही नाही.
तो डेट्रॉइटला गेला म्हणतात.
हजेरीपटात मात्र जूनपर्यंत
रोज वर्गात आहे.

बारा तारखेला मी घरीच राहिलो. तेरालाही.
माझ्यासाठी बाईंनी काही झाकलं नाही.
डोझियर प्रिव्हेट: गैरहजर.
समासात राळ नाही, ताप नाही.
'भीती,' असं लिहिलंय.
त्याखाली, वेगळ्या शाईत, चौदा तारीख:
'आला.'

खोकी बांधली.
सुरी तीनदा धुतली.
राळ पाण्याने जात नाही,
टर्पेंटाइनच लागतं.