ज्याला शब्द नाही

विट्याच्या आमच्या कॉलेजात, दुसऱ्या मजल्यावर,
मराठी विभागाच्या पाटीवर
‘कौशल्य विकास कक्ष’ ही दुसरी पाटी ठोकलीय.
दारातून मी आत जाते
ती नेमकी कुठल्या पाटीखालून, कळत नाही.
तासिका तत्त्वावर आहे :
पोरं आली तर तास, तास झाला तर पैसे,
पैसे आले तर दिवाळीनंतर.

यंदा एम. ए. दोनला एकटा भाग्येश निकम.
गाव लेंगरे, जन्म इरोडचा.
वडिलांचं गलाईचं दुकान तिथं जिन्याखाली,
हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं.
प्रकल्पाला विषय काय घेतोस विचारलं, तर म्हणाला,
मॅडम, आमच्या धंद्यातले शब्द चालतील?

चालतील का, ते मला वर विचारावं लागलं.
वरून तक्ता आला. उपयोजन. फलनिष्पत्ती.
समाजाला होणारा लाभ, शंभर शब्दांत.
मी बावीस शब्दांत भरून पाठवला.

मग दर शनिवारी तो वडिलांना फोन लावायचा.
बाकावर फोन ठेवून आम्ही दोघं वाकून ऐकायचो.
मूस. सवागी. तेजाब. कस.
मागं भट्टीचा पंखा, कुणीतरी तमिळमध्ये घासाघीस करतंय,
आणि पोपटराव निकम, सातवी पास,
एकेक शब्द असा द्यायचे
की काटा स्थिर झाल्याशिवाय पुढचा नाही.

एकदा म्हणाले, सोनाराच्या दुकानातली झाडलोट
आम्ही इकत घेतो, बाई.
पायपुसणंसुदिक. वर्साचं पायपुसणं जाळलं
तर राखंत गुंजभर गावतं.
आधी झारेकरी यायचे धुवायला. आता आम्हीच जाळतो.
पर नुसती धूळ बघून भाव करणारा
आमच्यात एकच म्हातारा राहिलाय, सेलमला.
चिमूट घेतो, बोटांत चोळतो, आन् गप बसतो.

त्या गप बसण्याला काय म्हणतात?
भाग्येशनं विचारलं.
पलीकडं पंखा बंद झाल्यासारखा वाटला.
त्याला शब्द न्हाई.
त्यो गप बसला की आम्ही माल घेतो.

रात्री भाग्येशनं सगळं बोलणं मशीनकडून लिहून घेतलं.
झारेकऱ्याचं झारखंडी झालं होतं,
मुशीचं माशी.
आम्ही डोळ्यांत पाणी येईतो हसलो.
नंतर तो एकेक दुरुस्त करत बसला,
म्हणाला, पुढच्याला बरोबर येईल.
पुढचा कोण, ते मी विचारलं नाही.

जूनपासून विभाग विलीन, असं पत्र आहे.
कशात, ते पत्रात नाही.
काल तुळशीराममामा खोली झाडत होते,
कपाटामागची खडूची धूळ, पिना, कुणाचं तरी जुनं ओळखपत्र.
पायपुसणं तेवढं टाकू नका, मी म्हटलं.
त्यांनी माझ्याकडं बघितलं
आणि उगाच जरा जपून उचललं.

मिरजेहून बेंगळुरू, तिथून पुढं सेलम.
रजेचा प्रश्न नाही, मला रजा नसतेच.
भाग्येश म्हणतो, म्हाताऱ्याला दुपारी झोप लागते,
सकाळीच गाठायला पाहिजे.
तो गप्प बसेल तेव्हा
रेकॉर्डर चालू ठेवायचा की बंद,
हे आमचं अजून ठरलेलं नाही.