टेलला पाणी

मिरजेत, दवाखान्याच्या तळघरात,
छातीवरचे पांढरे केस भादरून
दहा ठिकाणी स्टिकर डकवले मार्था सिस्टरनं.
"कालपासनं चहा नाही ना घेतला, एडके?"
नाही म्हटलं.
छत्तीस वर्षं कालव्यावर काढली,
बिनचहाचा हा पहिलाच दिवस.

पट्टा सुरू झाला.
आधी बाजाराला निघाल्यासारखा,
मग चढ, मग आणखी चढ,
दंडोबाच्या डोंगरासारखा,
फक्त वर देऊळ नाही,
समोर हात धुण्याच्या पायऱ्यांचा तक्ता.
"दुखलं तर सांगा."
दुखत नव्हतं. आवळत होतं,
गंजल्या दाराचं चाक फिरवताना आवळत जातं तसं.

तेवढ्यात शिशाच्या डबीतून सुई आली.
"सोडतेय आता. थांबू नका, मिनिटभर चालत राहा."
सोडतेय, म्हणाली.
हा शब्द माझा होता.
हेडला दार उचललं की फोनवर आम्ही हेच म्हणायचो,
आणि सायकल मारत पाण्याच्या पुढं पुढं,
कुठल्या चारीला पोचलं, कुठं अडलं.

मग केळं, दूध, बाकावर अक्काताई,
तिच्या मांडीवर माझा सदरा.
मग यंत्राखाली, हात डोक्यावर,
पोलिसांना शरण आल्यासारखा.
कॅमेरा छातीभोवती फिरला
मोजणीदाराच्या चालीनं.
दुपारी दुसरी सुई, बसल्या जागी.
परत तेच.

पडद्यावर एक नारिंगी कडं,
खालच्या अंगाला विझलेलं.
शेजारी दुपारचं कडं, पुरतं पेटलेलं.
"बसून असता तेव्हा सगळीकडं पोचतं," डॉक्टर म्हणाले,
"जोर पडला की ह्या भागाला कमी पडतं."
म्हटलं, मागणी वाढली की टेल कोरडा.
ते हसले. मी नाही.
"मेलेला नाही हा भाग. तहानलेला आहे."

चौदा नंबरची चारी.
शेवटच्या दाराशी तायव्वा बिरादार,
वांग्याचा एक वाफा, हातात खोरं,
दर आवर्तनाला तिचा फोन:
"साहेब, न्हाई आलं."
उद्या येईल, म्हणायचो. वर मागणी जास्त आहे.
आणि रजिस्टरात, निळ्या शाईनं,
टेल: पोचले.
खाली सही. जो. ह. एडके.
किती आवर्तनं, ते आता मोजत नाही.
ती बसून असायची तेव्हा पाऊस असायचा,
तेव्हा पोचायचंच की सगळीकडं.

मंगळवारी अँजिओ.
"आजचा दिवस लहान लेकरं जवळ घेऊ नका,"
मार्था सिस्टर जिन्यापर्यंत सांगत आली.

घरी स्वरांजली उंबऱ्यातून पळत आली.
मी हात आडवा केला.
ती थांबली चार हातांवर,
एक चप्पल पायात, एक मागं राहिलेली.
अंगात अजून ते औषध हिंडत असणार,
दारं तपासत.
"आजोबा, घ्या की."
"उद्या," म्हटलं.

हाही शब्द माझाच.