कार्ड नंबर २१४

बुधवारच्या बाजारात, गोदाकाठी,
मेथीच्या जुडीसाठी सुट्टे शोधत पर्स उलटी केली
तर नाण्यांबरोबर घरंगळलं ते:
लाल प्लॅस्टिकचं, दोरीत ओवलेलं, २१४.
भाजीवाली म्हणाली, हे नाही चालायचं, मावशी.

बोटीवरचा नियम होता.
उतरताना आपलं कार्ड फळ्यावरून काढायचं,
चढलं की पुन्हा खिळ्याला अडकवायचं.
रिकामा खिळा म्हणजे माणूस अजून काठावर.
कुमुद गायधनी तर रात्री दोनदा बघून यायची,
गॅस बंद केला का बघावा तसं.

हे आले नव्हते.
नदीच बघायची तर घरी आहे की, म्हणाले.
चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात,
होळकर पुलाखालची पट्टी वाचण्यात गेलेली;
अजूनही दुधाच्या पिशवीआधी पाणी बघून येतात.

मी गेले.
पहाटे बोट एका हौदात शिरली. लॉक म्हणतात.
मागचं दार मिटलं. खिडकीबाहेर शेवाळलेली भिंत,
हात लावता येईल इतकी जवळ.
मग भिंतच खाली जायला लागली.
ना हिसका, ना आवाज, कपातला चहा हलला नाही.
दीडशे माणसं, त्यातली निम्मी गुडघे बदललेली,
पाण्याने उचलून वरच्या नदीत ठेवली.
आमच्याकडे पाणी येतं ते भोंगा वाजवत,
टपऱ्या उचला, गाड्या काढा.

पासाऊला उतरलो.
पुढे सात नंबरची काठी घेतलेली पोरगी, कानात तिचा आवाज.
ती कोपऱ्यावर वळली की आवाज खरखरायचा,
आम्ही भराभर पावलं टाकायचो.
तीन नद्या एका ठिकाणी: एक काळपट, एक निळसर,
एक ताक ढवळल्यासारखी.
कुमुद म्हणाली, आपल्या अरुणा-वरुणा तर दिसतसुद्धा नाहीत,
तरी आपण हात जोडतो.
टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या रेघा, शेजारी सालं.
तेरा साली इथपर्यंत, पोरगी म्हणाली.
सगळ्यांनी माना वर केल्या.
मी त्या भिंतीला टेकवून मनातल्या मनात
दुतोंड्या मारुती उभा केला.
गुडघे. कंबर. छाती.
एकोणीस सालच्या ऑगस्टात डोक्यावरून.
तेव्हा हे दोन रात्री पुलावरून घरी आले नव्हते.
ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी फोन.
आज नऊशे क्युसेक सोडलंय, हे म्हणाले. तुझ्याकडे?
मी म्हटलं, जेवायला मासा होता, मी बटाटाच खाल्ला.
पाणी विचारतोय मी.
मग वाढणाऱ्या पुत्राला विचारलं, त्याने कुणाला, त्याने कप्तानाला,
आणि रात्री चिठ्ठी आली, सेंटिमीटरमध्ये.
आकडा वाचून दाखवला.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
नंतर पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज.

त्याच रात्री भोंग्यावरून माझं नाव आलं,
मिसेस शेम, शेमाकाल, पुढचं पाण्यात गेलं.
कार्ड अडकवायचं राहिलं होतं.
सगळी बोट मला किनाऱ्यावर समजून खोळंबलेली,
आणि मी केबिनमध्ये पाय चेपत बसलेली.
अडकवून आले. कुमुद आठवडाभर हसली.

पण शेवटच्या सकाळी, बॅगा खाली गेल्यावर,
जिन्याशी हात आपसूक फळ्याकडे गेला.

म्हणजे तिथल्या हिशेबाने मी अजून काठावर आहे,
मेथी घेतेय.

दाराजवळच्या किल्ल्यांच्या खिळ्याला अडकवून ठेवलं ते.
आज पहाटे चप्पल सरकवताना ह्यांनी
काही न बोलता काढलं, खिशात टाकलं,
आणि नदीकडे गेले.

दूध चढलंय. खिळा मोकळा.
मी गॅस बारीक केलाय.